पिल्लाची लस आणि उंबऱ्याबाहेरचे जग

घरात कुत्र्याचे पिल्लू आले, की दोन-तीन दिवसांतच कुटुंबात दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की लसींचे सर्व डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला दाराबाहेर पाऊलही टाकू देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो, कुत्र्याची जात मोकळ्या हवेची. चार भिंतींत कोंडले तर ते भित्रे आणि चावरे निपजेल. पहिल्याच्या हाती पशुवैद्याने दिलेले लसीकरणाचे कार्ड असते, तर दुसऱ्याच्या गाठी शेजारपाजारचा अनुभव असतो. ज्या घरात आधीपासूनच एक वयस्क कुत्रा आहे, तेथे आणखी एक अडचण उभी राहते. त्या थोरल्याची सकाळ-संध्याकाळची फेरी थांबवता येत नाही. तो रोज रस्त्यावर जातो, रोज परत येतो, आणि येताना पायांना काय लावून आणतो ते डोळ्यांना दिसत नाही.

दोन्ही पक्षांच्या भीतीला आधार आहे. पहिली भीती दुर्लक्षिली तर पिल्लू आठवड्याभरात हातचे जाऊ शकते. दुसरी दुर्लक्षिली तर पुढची दहा-बारा वर्षे ते प्राणी आणि त्याचे कुटुंब दोघेही त्रास भोगतात. म्हणून या दोन्ही धोक्यांचे स्वरूप आधी नीट समजून घ्यावे आणि मग दिवसाची आखणी करावी.

पहिला धोका मुख्यतः पार्व्हो या विषाणूचा. कुत्र्यांमधील हा आजार १९७८ च्या सुमारास ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू अफाट संख्येने बाहेर पडतो. विष्ठा वाळली, पावसाने धुऊन गेली, तरी तो मातीत महिनोन् महिने टिकून राहतो. अनुकूल जागी वर्षभरही राहतो. चपलेच्या तळाला, सायकलच्या चाकाला, दुसऱ्या कुत्र्याच्या पंजाला लागून तो घरात येऊ शकतो. पिल्लाच्या आतड्यांच्या अस्तरावर आणि रक्तातील पांढऱ्या पेशींवर तो आघात करतो. सुस्ती, अन्नावरची वासना जाणे, वारंवार उलट्या, दुर्गंधीयुक्त आणि बहुधा रक्तमिश्रित जुलाब ही त्याची लक्षणे. उपचारांवाचून बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर सलाइन आणि शुश्रूषा लाभली तर पुष्कळ वाचतात. डिस्टेंपरचा विषाणू बाहेर फार काळ तग धरत नाही. पण आजारी कुत्र्याच्या श्वासातून आणि शिंकेतून तो पसरतो व मेंदूपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. रेबीजची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे: लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय उरत नाही.

लसीचे डोस पुन्हा पुन्हा का द्यावे लागतात, याविषयी मोठा गैरसमज आढळतो. तीन डोस म्हणजे जिन्याच्या तीन पायऱ्या, एक डोस झाला म्हणजे एक तृतीयांश संरक्षण मिळाले, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पिते आणि त्यातून आईची प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात येतात. हे आईने दिलेले कवच पहिले काही आठवडे पिल्लाला जपते; मात्र तेच कवच बाहेरून टोचलेल्या लसीलाही निष्प्रभ करते. काही पिल्लांत ते सहाव्या-आठव्या आठवड्यात ओसरते, काहींत बाराव्या, तर काहींत सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकते. कोणत्या पिल्लात ते कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा, अशी लघुप्राणी पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची शिफारस आहे. प्रत्येक डोस हा पहिल्यापासून केलेला एक नवा प्रयत्न असतो. त्यातील कोणता तरी एक लागू पडतो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, दहाव्या किंवा बाराव्या आठवड्यात ‘कोर्स पुरा झाला’ असे कार्डावर लिहिलेले असले, तरी पशुवैद्यांना सोळाव्या आठवड्याच्या डोसाविषयी अवश्य विचारावे. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक डोस देण्याची शिफारसही आता केली जाते. दुसरी, आईचे कवच विरळ झाले आहे पण लस अजून लागू पडलेली नाही, अशी एक पोकळी प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येते. त्या दिवसांत रस्त्यावरची जमीन ही त्याची वैरीण असते. रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. ती चुकवू नये.

आता दुसरा धोका पाहावा. कुत्र्याचे पिल्लू वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाशी ओळख करून घेते. या काळात जे दिसते, ऐकू येते आणि सुखरूप वाटते, ते त्याच्या लेखी ‘नेहमीचे’ ठरते. जे या काळात भेटलेच नाही, त्याची पुढे भीती वाटण्याचा संभव असतो. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला व १९६५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. पिल्लाच्या वयातील या नाजूक काळाची कल्पना त्यातून सर्वदूर पोहोचली. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवासच न मिळालेली पिल्ले पुढे माणसाजवळ यायला धजत नाहीत, हेही त्या काळातील प्रयोगांत आढळले होते. मराठीतला ‘माणसाळणे’ हा शब्द याच प्रक्रियेचे नाव आहे. फक्त या माणसाळण्याला मुदत असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

पेच येथेच पडतो. लस खात्रीने लागू पडते सोळाव्या आठवड्यानंतर आणि ओळखीचा काळ संपतो चौदाव्याच्या आसपास. दोन दिनदर्शिका एकमेकींवर चढलेल्या आहेत. ‘आधी लसी पुऱ्या होऊ देत, मग बाहेर काढू’ असे म्हणणारे कुटुंब पिल्लाला पार्व्होपासून वाचवते, पण नकळत त्याला आयुष्यभराची भीती देऊन बसते. मग तो मोठा झालेला कुत्रा हेल्मेट घातलेल्या माणसावर धावून जातो, पाहुण्यांच्या मुलांवर गुरगुरतो, दिवाळीत पलंगाखाली थरथरत राहतो. सोसायटीत तक्रारी सुरू होतात, घरात चिडचिड वाढते, आणि अखेरीस ‘याला कोठेतरी सोडून येऊ’ हे शब्द उच्चारले जातात. पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. तरीही रस्त्यावर टाकलेले जातिवंत कुत्रे शहरांतून दिसतात, आणि घरात वाढलेला प्राणी रस्त्यावर फार काळ जगत नाही.

या पेचाचा विचार करून प्राणिवर्तनाच्या अभ्यासक असलेल्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली आपली भूमिका जाहीर केली. लसीचा पहिला संच आणि जंताचे पहिले औषध देऊन किमान सात दिवस झाले असतील, तर सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लाला ओळखीच्या वर्गात न्यायला हरकत नाही, असे तिचे म्हणणे आहे. पुढे २०१३ साली अमेरिकेतील चार शहरांतील पशुचिकित्सालयांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लस सुरू झालेल्या आणि अशा वर्गाला जाणाऱ्या ४८ पिल्लांपैकी एकालाही पार्व्हो झाल्याचे आढळले नाही. ४८ ही संख्या लहान आहे, तरी दिशा दाखवणारी आहे.

मात्र हा सल्ला भारतीय गल्लीत जसाच्या तसा आणता येत नाही. ते वर्ग बंदिस्त, धुता येणाऱ्या फरशीवर भरतात आणि तेथे येणाऱ्या प्रत्येक पिल्लाचे कार्ड तपासले जाते. पुण्या-सांगलीतल्या गल्लीच्या तोंडाशी, बाजाराच्या कडेला, बागेच्या फाटकापाशी अनेक कुत्रे राहतात आणि त्यांतील कित्येकांना कधी लस मिळालेली नसते. म्हणून सल्ल्याचा अर्थ घ्यावा, शब्द नव्हे. तो अर्थ असा: पिल्लाच्या डोळ्यांना, कानांना आणि नाकाला जग दाखवावे, त्याचे पाय आणि तोंड मात्र परक्या जमिनीपासून दूर ठेवावे.

हे एक सूत्र धरले की पुष्कळ वाटा मोकळ्या होतात. पिल्लाला कडेवर किंवा पुढे बांधलेल्या झोळीत घेऊन दहा मिनिटे फाटकापाशी उभे राहता येते. तेथे रिक्षा जाते, शाळेची बस येते, भाजीवाल्याची आरोळी ऐकू येते, पाठीवर मोठी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला दिसतो. रिक्षातून किंवा मोटारीतून मांडीवर बसवून, खाली घरचीच चादर पसरून, फेरफटका मारता येतो. इतर कुत्रे जात नसतील अशी गच्ची, घराची गॅलरी, ज्यांच्या घरातील कुत्र्याचे लसीकरण पूर्ण आहे असे नातलग, ही सारी सुरक्षित ठिकाणे होत. घरातसुद्धा जग पुष्कळ असते: कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, छत्री उघडणे, काठी टेकत येणारे आजोबा, नऊवारीतल्या आजी, धावणारी मुले, ओली फरशी, सतरंजी, पालथी ठेवलेली स्टीलची परात. त्याचे कान पाहणे, पंजे हातात धरणे, ओठ वर करून दात बघणे यांचीही सवय याच वयात लावावी. पुढे पशुवैद्यांकडे त्याचा मोठा उपयोग होतो.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, बळजबरी करू नये. पिल्लू अंग चोरत असेल, शेपूट पोटाखाली घेत असेल, तोंड फिरवत असेल, वारंवार ओठ चाटत किंवा जांभया देत असेल, तर ते घाबरले आहे असे समजून दोन पावले मागे यावे आणि ते स्वतः पुढे सरकले की आवडीचा घास द्यावा. भीतीची एक जबरदस्त आठवण दहा चांगल्या आठवणी पुसून टाकते. दुसरे, ओळखीचा अतिरेक करू नये. या वयाचे पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपते. पाच-दहा मिनिटांचा एक अनुभव आणि मग निवांत झोप, हे प्रमाण बरे.

टाळायच्या जागाही स्पष्ट हव्यात. सार्वजनिक बागेतले गवत, कुत्रे लघवी करतात ते खांब आणि कोपरे, कचराकुंडीचा परिसर, पावसाळ्यातली डबकी, जनावरांचे बाजार आणि दवाखान्याची जमीन. होय, पशुवैद्याचा दवाखानासुद्धा. आजारी कुत्री तेथेच येतात. तेथे पिल्लाला मांडीवर ठेवावे, बाकावर किंवा जमिनीवर सोडू नये.

आता थोरल्याकडे वळावे. कारण पिल्लाच्या कौतुकात सर्वांत आधी अन्याय होतो तो त्याच्यावर. पिल्लाला संसर्ग होईल म्हणून थोरल्याची फेरी बंद करणे हा उपाय चुकीचा आहे. वयस्क कुत्र्याचे सांधे चालण्याने हलते राहतात, वजन आटोक्यात राहते, पचन सुधारते. आणि हुंगत हुंगत चालणे हाच त्याच्या मनाचा विरंगुळा असतो. घरात नवा जीव आल्याने त्याची दिनचर्या आधीच ढवळून निघालेली असते. अशा वेळी त्याची फेरी हीच त्याची हक्काची गोष्ट उरते, ती काढून घेऊ नये.

त्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. पिल्लू आणण्यापूर्वीच थोरल्याच्या लसी तपासून घ्याव्यात. डिस्टेंपर आणि पार्व्होचे संरक्षण काही वर्षे टिकते. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि रेबीजचीही आपल्याकडे वर्षातून एकदा देण्याचा प्रघात आहे. लसीकरण झालेला धडधाकट कुत्रा पार्व्होने सहसा आजारी पडत नाही. त्याच्या पंजांवरून मात्र विषाणू घरात येऊ शकतो. म्हणून दुसरी गोष्ट ही, की फेरीहून आल्यावर दारातच त्याचे पाय धुऊन पुसावेत आणि माणसांच्या चपला उंबऱ्याबाहेर राहाव्यात. मराठी घराची ही जुनी शिस्त येथे आपसूक कामी येते. याने धोका शून्य होत नाही, पण बराच घटतो. तिसरी, फेरीची वाट बदलावी. जेथे भटक्या कुत्र्यांचा घोळका असतो तो रस्ता काही आठवडे सोडून स्वच्छ, मोकळा रस्ता धरावा. आजारी कुत्र्याची घाण घराच्या आवारात आढळली, तर ती आधी पूर्ण काढून, जागा धुऊन, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असे द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे. नेहमीच्या फिनेलवर या विषाणूच्या बाबतीत विसंबू नये. द्रावण वाळेपर्यंत दोन्ही प्राण्यांना तेथे येऊ देऊ नये.

थोरल्याची फेरी पिल्लाच्याही कामी लावता येते. घरात दोन माणसे मोकळी असतील, तर एकाने थोरल्याचा पट्टा धरावा आणि दुसऱ्याने पिल्लाला झोळीत घेऊन दहा-बारा पावले अंतर राखून चालावे. थोरला शांतपणे रस्ता ओलांडतो, हॉर्नकडे लक्ष देत नाही, हे पिल्लू पाहते. जिथे माणूस एकटाच आहे, तिथे हा प्रयोग करू नये. गल्लीतले कुत्रे थोरल्याकडे धावले आणि पट्ट्याला हिसका बसला, तर हातातले पिल्लू सांभाळणे कठीण जाते. अशा घरी थोरल्याची फेरी आधी आटोपावी आणि मग पिल्लाला वेगळे दहा मिनिटे फाटकापाशी न्यावे. थोरला बाहेर असताना पिल्लू दहा-पंधरा मिनिटे घरातील दुसऱ्या माणसापाशी, मग हळूहळू थोडा वेळ एकटे राहायला शिकते. हा धडा फार मोलाचा आहे. चोवीस तास थोरल्याला चिकटून वाढलेले पिल्लू पुढे एकटे राहू शकत नाही. आणि थोरल्याच्या आयुष्याची संध्याकाळ तर जवळच असते.

घरातही दोघांना काही काळ वेगळे ठेवावे. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, उत्साह अनावर असतो, आणि सांधे दुखणाऱ्या प्राण्याला अंगावरच्या उड्या सोसवत नाहीत. थोरला गुरगुरला तर त्याला रागावू नये. ‘पुरे’ हे सांगण्याची ती त्याची भाषा आहे आणि दातांचा दाब किती आवरावा हे पिल्लू याच भाषेतून शिकते. गुरगुरण्यावर शिक्षा झाली, तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. दोघांची जेवणाची भांडी वेगळी, झोपायच्या जागा वेगळ्या, आणि थोरल्याला पिल्लू पोहोचणार नाही असा एक कोपरा हवा.

सोळाव्या आठवड्याचा डोस होऊन साधारण एक ते दोन आठवडे गेल्यावर, पशुवैद्यांच्या संमतीने पिल्लू जमिनीवर उतरते. पट्ट्याची सवय तोवर घरातच झालेली असावी. पहिल्या फेऱ्या त्याच्या एकट्याच्या असाव्यात. दोघांना एकाच दुपट्ट्याला बांधण्याचा मोह टाळावा. वाढत्या हाडांचे पिल्लू आणि थकल्या गुडघ्यांचा थोरला यांची चाल जुळत नाही. एकत्र नेताना चाल थोरल्याची असावी, अंतर पिल्लाला झेपेल इतके असावे, आणि उरलेला उत्साह घरी खेळून जिरवावा. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही क्षण टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर पंजेही टेकवणार नाहीत.

काही वेळा मात्र तर्क-वितर्कात दिवस घालवू नये. पिल्लाने दोन वेळा अन्न नाकारले, उलट्या थांबेनात, जुलाबात रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. लहान जीवाच्या शरीरातले पाणी काही तासांत आटते. जाण्यापूर्वी फोन करून पार्व्होची शंका सांगावी, म्हणजे इतर पिल्लांपासून त्याला वेगळे घेता येते. भटक्या प्राण्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हाच नियम घरातील माणसांना लागू आहे. त्यांनी डॉक्टरांकडे जावे.

पिल्लू घेण्याचा विचार अजून मनातच असेल, तर एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी मनाई केली आहे. तरीही महिन्याभराची पिल्ले सर्रास विकली जातात. इतक्या लवकर तोडलेले पिल्लू आई-भावंडांकडून शिकायचे ते शिकत नाही. विकणाऱ्याकडे आई पाहायला मागावी, तिच्या लसींचे कार्ड मागावे, पिल्लाला जंताचे औषध कोणत्या तारखेला दिले ते लिहून घ्यावे. आणि ज्या घरात मागचे पिल्लू पार्व्होने गेले असेल, त्यांनी नवे आणण्यापूर्वी ही हकीकत पशुवैद्यांना सांगावी. पुढच्या पिल्लाची पहिली लस कधी आणि कोठे द्यायची, हे त्यावरून ठरते.